वगळलेली फाईल

सकाळी साडेदहाला प्रीतमने दामिनीच्या टेबलावर एक कागद ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"सही कर. तपासणीचा रिपोर्ट जोड आणि चारच्या आत पाठवून दे. चौकशीवाले वाट बघतायत."

दामिनीने कागद वाचला. पाच ओळींचा होता. कंपनीचं सॉफ्टवेअर दर शनिवारी तपासलं जातं, त्यात एकही चूक आढळलेली नाही, सबब टाकीत टीसीएल जास्त पडलं ते चालकाच्या चुकीच्या हाताळणीमुळे. खाली तिचं नाव छापून तयार होतं. तिला न विचारता तिचं म्हणणं लिहूनसुद्धा झालं होतं, आणि तिचं डोकं पहिल्यांदा तापलं ते एवढ्याचसाठी. बाकीची कारणं अजून यायची होती.

चालक म्हणजे सटवाजी. इस्लापूरच्या पुढे डोंगराला लागून एक लहानसं गाव आहे, तिथल्या पाण्याच्या टाकीवर तो बावीस वर्षं कामाला होता. आधी तो टीसीएलची, म्हणजे पाण्यातले जंतू मारायची, पावडर बादलीत कालवायचा आणि अंदाजाने टाकीत सोडायचा. त्या अंदाजाने बावीस वर्षांत कुणाचं पोट दुखलं नव्हतं. मग मागच्या वर्षी दामिनीच्या कंपनीचं मशीन आलं. बटन दाबायचं, चार मिनिटं टीसीएलचं पाणी टाकीत पडायचं, आणि मशीन आपलं आपण बंद व्हायचं. गेल्या सोमवारी ते बंद झालं नाही. शाळेच्या नळाचं पाणी पिऊन अकरा लेकरं ओकली. त्यातल्या दोन मुली अजून नांदेडला दवाखान्यात होत्या, घसा भाजलेल्या, नुसत्या दुधावर. सटवाजीला घरी बसवलं होतं. आजचा कागद गेला की त्याची नोकरी जाणार होती, आणि वर पोलीस केस होणार होती.

तो स्वतःच बाहेर येऊन बसला होता. बायकोला, तुळजाबाईला, सोबत घेऊन पहिल्या एसटीने निघाला, विष्णुपुरीच्या फाट्यावर उतरला आणि विचारत विचारत इथवर आला. दामिनी कामावर आली तेव्हा दोघं जिन्याजवळच्या बाकड्यावर अंग चोरून बसलेली. तिने पाणी दिलं, तर म्हाताऱ्याने ग्लास आधी नाकाशी नेला, वास घेतला, आणि मगच घोट घेतला.

"म्याडम," तो म्हणाला होता, "मशीनमधी समदं लिवून ऱ्हातंय म्हणत्यात. तेवढं बगून सांगा, मी काय केलं ते. मला तर आठवून ऱ्हायलंय की बटन एकदाच दाबलं. मंग लाईट गेली. मी खालच्या आळीचा वाल सोडायला गेलो. परत येऊन बगतो तर लाईट आल्याली न् मशीन चालूच."

"ह्यांनी कागदावर अंगठा देऊन टाकलाय," तुळजाबाई मध्येच म्हणाली. "दोनदा दाबलं आसंल म्हणून. चार मान्सं बसली होती समोर. त्यायच्या म्होरं कसं न्हाई म्हणावं?"

"मी काय म्हणून ऱ्हायलो, आसंल बी दाबलं," सटवाजी म्हणाला. "वय झालं."

हे ऐकून दामिनी आत आली होती, आणि आत तिची वाट बघत हा कागद होता.

"प्रीतम सर, मशीन सुरू असताना लाईट गेली होती म्हणतायत ते."

"त्याच्याशी बोलू नकोस. तो काहीही सांगेल." प्रीतम मोबाईलमधून मान वर न करता बोलत होता. "तुझाच रिपोर्ट आहे ना? शून्य चुका. मग?"

रिपोर्ट तिचाच होता, यात वाद नव्हता. कंपनीत माणसं बारा, आणि त्यात तिचं काम तपासणीचं. तपासणीचं म्हणून एक सॉफ्टवेअर असतं. ते दुसऱ्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर ओळीओळीने वाचतं आणि कुठे खोट आहे ते सांगतं. वाचताना ते स्वतःची रोजनिशीही लिहीत जातं. कोणती फाईल उघडली, काय दिसलं, कुठे अडलं. याला लॉग म्हणतात. चूक असली की ओळ लाल, इशारा असला की पिवळी, नुसती माहिती असली की पांढरी. दर शनिवारी दामिनी हे चालवायची, शेवटी आकडा यायचा शून्य, आणि ती त्याचा रिपोर्ट काढून पाठवायची. नऊ महिने एकही लाल ओळ आली नाही, याचा तिला अभिमान होता. अहमदपूरला घरी गेली की तीही जरा ताठ मानेने सांगायची, आमच्याकडे चूक म्हणून निघत नाही.

आज मात्र तिला तो शून्य बघवेना. तिने पेन बाजूला सारलं आणि शेवटचा आकडा सोडून लॉग पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. वाचायला काही नव्हतंच. सुरू झालं, संपलं, शून्य. मध्ये लागलेला वेळ अकरा सेकंद.

अकरा सेकंद! एवढं मोठं सॉफ्टवेअर अकरा सेकंदात वाचून होतं? तिला स्वतःची लाज वाटली. नऊ महिने हा आकडा डोळ्यांसमोर होता आणि तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

मग तिला वरच्या कोपऱ्यातली ती खूण दिसली. 'फक्त चुका दाखवा.' ती खूण कुणी केली होती, हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. तिनेच केली होती, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. प्रीतम मागे उभा राहून म्हणाला होता, "ते पिवळं झाकून टाक. पिवळं दिसलं की गिऱ्हाईक प्रश्न विचारत बसतं." तिने टाकलं झाकून. नवीन होती, सर म्हणतात म्हटल्यावर केलं. आणि नंतर विसरली.

तिने खूण काढली. पडद्यावर ओळी सरकल्या आणि सहा पांढऱ्या ओळींच्या खाली एक पिवळी ओळ येऊन उभी राहिली. इंग्रजीत होती, अर्थ साधा होता. मुख्य फाईल वाचता आली नाही. पहिल्या ओळीतली अक्षरं ओळखीची नाहीत. फाईल वगळली.

त्याखाली हिशेब. तपासलेल्या फाईली सहा, वगळलेली एक, चुका शून्य.

दामिनीने मागचा शनिवार उघडला. त्याच्या मागचा. त्याच्याही मागचा. अडतीस शनिवार, अडतीस पिवळ्या ओळी, शब्दाचा फरक नाही. सात खोल्यांचं घर झाडून काढलं म्हणून सांगायचं आणि ज्या खोलीत चूल आहे तिचं दारच उघडायचं नाही, असं हे काम झालं होतं. मशीन त्या मुख्य फाईलवर चालत होतं. बाकीच्या सहा म्हणजे नुसतं पडद्यावरचं चित्र, बटनांचे रंग आणि पावतीचा मजकूर. आणि तपासणीचं सॉफ्टवेअर बिचारं दर शनिवारी इमानदारीने सांगत होतं की मला हे वाचता आलं नाही. त्याचं तोंड हिने दाबून धरलं होतं.

तिने खुर्ची खाडकन पुढे ओढली. रागाने.

तिने मुख्य फाईल उघडली. पहिल्या ओळीत काय आहे ते तिला माहीत होतं, कंपनीत सगळ्यांनाच माहीत होतं. कंपनीचे मालक अमृतराव, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, ते उदगीरच्या आडत्यांच्या घरातले. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजायची आणि पहिल्या पानावर देवाचं नाव लिहायचं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. वह्या गेल्या, कॉम्प्युटर आले, पण पूजा राहिली. नवीन मशीनचं काम निघालं की पाडव्याला मुख्य फाईल उघडायची, हळदकुंकू कीबोर्डाच्या कडेला लावायचं, आणि अप्पांनी स्वतःच्या बोटांनी पहिली ओळ टाईप करायची, ॥ श्री संगमेश्वर प्रसन्न ॥. ती ओळ सॉफ्टवेअरच्या कामात येत नाही. मशीन तिला टिप्पणी समजून ओलांडून जातं. पण अप्पांना मराठी टाईप येतं ते आडतीवर शिकलेलं, वीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टमधलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर ते नाव दिसे. इतर सगळ्यांच्या पडद्यावर तिथे वाकडीतिकडी, किडामुंगीसारखी अक्षरं दिसत. नवीन आलेलं पोरगं ती कचरा समजून पुसायला जाई आणि जुनं कुणीतरी त्याचा हात धरी. राहू दे, देवाचं नाव आहे ते. दामिनीनेही एकदा असाच एकाचा हात धरला होता.

देवाचं नाव होतं, म्हणून कुणी हात लावला नाही. आणि कुणी हात लावला नाही, म्हणून ते आजच्या अक्षरांत आहे का, हेही कुणी पाहिलं नाही.

तिने ओळ पुसली नाही. तेच नाव, त्याच जागी, आजच्या अक्षरांत नीट टाईप केलं आणि तपासणी पुन्हा सुरू केली. या वेळी चार मिनिटं लागली. अठ्ठावन्न ओळी निघाल्या. सत्तावन्न किरकोळ होत्या. एक लाल होती. ओळ क्रमांक दोनशे बारा. 'किती मिनिटं चालवायचं' हा आकडा ठरवण्याआधीच वापरला आहे.

दोनशे बारावी ओळ तिने दोनदा वाचली. बटन दाबलं की मशीन स्वतःला सांगायचं, चार मिनिटं. इथवर ठीक. पण मध्येच लाईट गेली आणि परत आली, की मशीन अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला घ्यायचं, आणि त्या वाटेने जाताना त्याला मिनिटं कुणी सांगितलेलीच नव्हती. मग मेमरीत त्या जागी जो काही जुना आकडा पडलेला असेल, तितकी मिनिटं ते चालणार. कधी शून्य, कधी तीन. सोमवारी चाळीसच्या वर.

सटवाजीने बटन एकदाच दाबलं होतं.

दामिनी उठली ती सरळ अप्पांच्या केबिनमध्ये. लॉगची छापील पानं हातात. प्रीतम आधीच आत चहा पीत बसला होता. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढत गेला आणि तो खाली आणायचा तिने प्रयत्नही केला नाही.

अप्पांचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हता तो. दर पाडव्याला बाराही जणांना स्वतःच्या हाताने फराळ वाढणारा. पण त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "देवाच्या नावामुळं झालं म्हणतीस का पोरी तू?"

"देवाचं नाव का घेताय मध्ये अप्पा? देवाने म्हटलं होतं का पिवळं झाका म्हणून? ते मी झाकलं. यांनी सांगितलं आणि मी झाकलं. दोनशे बारावी ओळ देवाने लिहिली का?"

ती कुणी लिहिली होती हे तिघांनाही माहीत होतं. प्रीतमने कप खाली ठेवला.

"आवाज कमी कर," तो म्हणाला. "हे बघ, चूक सापडली, चांगलं झालं. मी आज दुरुस्त करतो. सोमवारी नवीन सॉफ्टवेअर सगळीकडे गुपचूप टाकून देऊ. पण आजचा कागद आहे तसा जाऊ दे. त्या तारखेला रिपोर्ट शून्यच होता की नाही? खोटं काय आहे त्यात?"

एवढ्या शांतपणे कुणी एवढी नीच गोष्ट बोलू शकतं, हे दामिनीला खरंच वाटेना.

"आणि सटवाजी मामा?"

"त्याने अंगठा दिलाय."

"तुमच्या चुकीवर!" ती ओरडली. बाहेरच्या खोलीतले कीबोर्ड थांबले. "तुमच्या आणि माझ्या चुकीवर अंगठा दिलाय त्याने. त्याला वाटतंय वय झालं म्हणून आपणच विसरलो. बावीस वर्षं चोख काम केलेला माणूस स्वतःला वेडा समजून बसलाय बाहेर, आणि तुम्ही चहा पिताय!"

"दामिनी," अप्पा हात जोडल्यासारखे करत म्हणाले, "बारा घरं हायत ह्या कंपनीवर. तुझं बी एक हाय. जरा इचार कर बाळ."

तिने केला. जागेवर जाऊन, पाच मिनिटं. अहमदपूरला वडिलांचं भुसारचं दुकान आता जेमतेम चालतं, धाकट्या भावाचं कॉलेज तिच्या पगारावर, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि त्याचाही तिला रागच आला. माणसाला गप्प बसवायला त्याचंच घर कसं कामाला लावतात! मग तिने प्रीतमच्या कागदावर आडवी रेघ मारली आणि नवा मजकूर लिहिला. मुख्य फाईल नऊ महिने तपासली गेली नव्हती. तसा इशारा दर शनिवारी येत होता. तो मी झाकून ठेवला होता. चूक ओळ दोनशे बारामध्ये आहे, चालकाची नाही. सोबत लॉग जोडला आहे, वाचावा. खाली सही केली आणि चौकशीच्या पत्त्यावर पाठवून दिला. प्रीतमचं नाव तिने कुठेच घातलं नाही. लॉगमध्ये त्या ओळीच्या शेजारी, ती लिहिणाऱ्याचं म्हणून, ते होतंच.

तीन वाजत आले होते. ती बाहेर बाकड्यापाशी गेली आणि दोघांच्या समोर फरशीवर बसली.

"मामा, तुम्ही एकदाच दाबलं होतं. मशीन चुकलं. आमचं चुकलं. मी तसं लिहून पाठवलंय आता."

तुळजाबाईने पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. सटवाजी रडला नाही. त्याने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. लाईट कशी गेली, आली, मशीनला मिनिटं कशी माहीत नव्हती. कळेपर्यंत मान हलवत राहिला. मग त्याच्या कपाळाची शीर तटतटून वर आली.

"पाच दीस," तो म्हणाला, "पाच दीस मी माझ्या ह्या हाताला शिव्या देऊन ऱ्हायलो. त्या पोरीच्या मायनं माझ्या दारात येऊन मला नको नको ते म्हणलं. म्या खाली मान घालून ऐकलं. आन् तुमच्या मशीनला म्हाईत होतं?"

"हो," दामिनी म्हणाली. "आम्ही वाचलं नाही."

तिला वाटलं तो अजून बोलेल. तिला ते हवंही होतं. पण तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "आसली मशिनी आजून कितीक गावाला हायत?"

सकाळपासून ती कागद, सही, प्रीतम, अप्पा, आपलं चुकलं, त्यांचं चुकलं यातच जळत होती. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सव्वीस."

"आन् तुम्ही हितं बसून बोलून ऱ्हायल्या?" म्हातारा ताडकन उठला. "सांजचं पाणी सोडायच्या आधी चार वाजता टीसीएल टाकत्यात समदे! आन् चारला लाईटीचं काय खरं न्हाई. फोन लावा की!"

ती धावली. मशीनं बसवल्याची यादी काढली, गावाचं नाव, चालकाचं नाव, नंबर. प्रीतम दारात येऊन काहीतरी म्हणाला, सोमवार की काय. तिने त्याला बाजूला ढकललं. सटवाजी तिच्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला. पहिला नंबर अहमदपूर तालुक्यातल्या एका गावचा होता, चालक बजरंग. चौथ्या रिंगला त्याने उचलला.

"मी कंपनीतून बोलतेय. टीसीएलचं मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा. वायर काढून ठेवा. आज हातानेच टाका."

"का वो?"

"त्यात चूक आहे. लाईट जाऊन आली तर ते थांबत नाही."

"चूक कशी आसंल?" बजरंग हसला. "टाकीच्या खोलीत भिंतीला कागद लावून दिलाय तुमच्या कंपनीनं, कालच आलाय नवीन. तपासलंय, येक बी चूक न्हाई म्हणून. तुमी कोन बोलून ऱ्हायल्या? ह्याच्यावर सही हाय, दामिनी उटगे."

शेजारी म्हातारा उभा होता, त्याने ऐकलं होतं.

"ती मीच हाय दादा," ती ओरडली, अहमदपूरच्या बोलीत, तिचं तिला कळलं नाही कधी ते. "खोटा हाय तो कागद. फाडा त्येला. आन् आधी वायर उपटा, मी फोनवर हाय."

पलीकडे चपलांचा आवाज, दाराची कडी, बराच वेळ काहीच नाही. वायर काढल्याचं बजरंगने सांगेपर्यंत तिने फोन ठेवला नाही. मग तिने यादीतल्या पहिल्या नावावर रेघ मारली. सटवाजीने स्वतःचा मोबाईल काढला आणि तिला पुढचा नंबर सांगायला लावला.